लीग 1929 ला नाही सुरू झाली हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात क्रीडा पानावर इटलीच्या फुटबॉलवर जो लेख आलाय त्यात सरळ छापलंय की तिथली लीग 1929 ला सुरू झाली. आमच्या पोराने तो वाचला, अंगात मिलानची जर्सी होती, छातीवरच्या लोगोवर बोट ठेवून मला विचारतो, पप्पा, मग हे 1899 कसलं?

1929-30 पासून सगळ्या मोठ्या टीम एकाच गटात एकमेकांशी खेळायला लागल्या, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण चॅम्पियनशिप त्याच्या 31 वर्षं आधीपासून चालू होती. आणि गंमत म्हणजे त्याच लेखातल्या चौकटीत युव्हेंटसची 36 जेतेपदं दिलीत, त्यातली 1905 आणि 1926 ची दोन 1929 च्या आधीचीच आहेत की! म्हणजे वर एक हिशोब आणि खाली भलताच. जेनोआ क्लबचं तर नावच गायब.

पहिला सीझन एका दिवसात उरकला होता साहेब. 8 मे 1898, रविवार, गाव तुरिन, मैदान म्हणजे सायकल रेसचा ट्रॅक, राजा उंबेर्तोचं नाव दिलेला. टीम चारच, तीन तुरिनच्या आणि एक जेनोआची, सकाळी दोन सेमीफायनल झाल्या, मग दुपारी तेच दमलेले पाय घेऊन फायनल आणि ती पण एक्स्ट्रा टाइममध्ये गेली, शेवटी लीव्हर नावाच्या इंग्रजाने गोल मारला आणि जेनोआ 2-1 जिंकलं. दिवसभराचा गल्ला 197 लिरा. कोण बघणार म्हणा, त्याच दिवसांत तिकडे मिलानमध्ये पाव महागला म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते आणि लष्कर त्यांच्यावर तोफा डागत होतं. त्या जनरलला पदक दिलं याच उंबेर्तोने, आणि दोन वर्षांनी त्याचाच बदला म्हणून या राजाला गोळ्या घातल्या. असो, विषय फुटबॉलचा आहे.

जेनोआचा कर्ताधर्ता स्पेन्सली, पेशाने डॉक्टर, बंदरावरच्या इंग्रज खलाशांना तपासायचा आणि स्वतः मैदानात पण उतरायचा. क्लब मुळात क्रिकेटचा, इंग्रजांनी इंग्रजांसाठी काढलेला, यानेच इटालियन पोरांना आत घेतलं. आणि फायनल हरलेल्या टीममध्ये होता किल्पिन, नॉटिंगहॅमचा, कापडधंद्यातला माणूस. तो पुढच्या वर्षी परत जेनोआकडूनच हरला, मग वैतागला म्हणा किंवा काय, 1899 च्या डिसेंबरात मिलानमध्ये जाऊन नवा क्लब काढला आणि 1901 च्या फायनलला जेनोआला त्यांच्याच घरी 3-0 धुतलं. पोराच्या छातीवरचं 1899 ते हे.

आणि एक, आपल्या मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स कप 1891 पासून चालू होता, इटलीच्या 7 वर्षं आधी. हे तरी छापायचं होतंत, लोकांनी आवडीने वाचलं असतं.

तिकडे दहा जेतेपदं झाली की जर्सीवर एक स्टार लावतात. जेनोआची नऊ आहेत, नववं 1924 चं, म्हणजे शंभर वर्षं झाली त्यांचे लोक एका स्टारसाठी थांबलेत आणि तुम्ही त्यांची नऊच्या नऊ पुसून टाकलीत. दुरुस्ती छापा, कोपऱ्यात चार ओळींची का होईना. पोरगा रोज सकाळी पेपर उघडून बघतोय.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर