थंडीतला ड्रेनेजचा वास – सर्व सभासदांसाठी

नमस्कार मंडळी, थंडी सुरू झाली आणि वासाच्या तक्रारीही, बी विंगमधून तर रोज मेसेज येतायत. प्रत्येक वेळी मेन लाइन चोकअप नसते हो, बरेचदा गडबड आपल्याच घरात असते.

जी बाथरूम वापरात नाही (गेस्टरूमची वगैरे) तिथल्या नहाणी ट्रॅपमधलं (फरशीवरच्या जाळीखालचा पाणी साठून राहणारा भाग) पाणी कोरड्या हवेने उडून जातं, ते पाणीच खरं तर गटाराचा गॅस अडवून धरतं, ते गेलं की वास सरळ घरात, आणि थंडीमुळे खिडक्या बंद म्हणून तो कोंडतो. आठवड्यातून एकदा तिथे दोन मग पाणी ओता, बास. गावाला जाताना वरून चमचाभर खाद्यतेल सोडलंत तर पाणी लवकर उडत नाही.

किचन सिंकचं वेगळं. तूप, डालडा, खोबरेल थंडीत पाइपात थिजतं, त्याला भाताची शितं चिकटतात आणि मग कुजतं. कढईतलं तेल सिंकमध्ये ओतू नका प्लीज, आधी कागदाने पुसून घ्या. रात्री भांडी झाली की गरम पाणी सोडा, पण उकळतं नको, पीव्हीसी पाइप नरम पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीच टाकू नका, क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

वॉशिंग मशीनचा पाइप जिथे ड्रेनमध्ये जातो तिथली फटही बघा, तिकडे कुणाचंच लक्ष जात नाही. एवढं करूनही वास राहिला तर फ्लॅट नंबरसकट इथे टाका, प्लंबरला एकदमच बोलावू.