घरी बांधलेले विमान आणि इंधनाची गाळणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान 2016 साली वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले, 2017 साली त्याची रीतसर नोंदणी झाली, आणि तेव्हापासून आपणही विमान बांधावे असे म्हणणारे तरुण मला वरचेवर भेटतात. पंखांचा आकार, इंजिनाची शक्ती, प्रोपेलर यांविषयी ते भरभरून बोलतात. टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापर्यंत, स्वच्छ कसे पोहोचणार, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केलेला असतो. छोट्या इंजिनांच्या देखभालीत उमेदीची वर्षे गेल्यामुळे त्याविषयी लिहीत आहे.

नव्या विमानातला कचरा बहुतेक वेळा पेट्रोल पंपावरून येत नाही, तो बांधणाऱ्याच्याच हातून आत राहिलेला असतो. भोके पाडताना पडलेला ॲल्युमिनियमचा कीस, फायबरची घासलेली पूड, सांध्यावर गुंडाळलेल्या टेपचा तुकडा, नळी कापताना सुटलेला रबराचा कण हे सारे टाकीत किंवा नळीत दडून बसते आणि पहिल्या काही उड्डाणांत, नेमके पूर्ण शक्ती लागते तेव्हा, पुढे सरकते. एका विमानाचे इंजिन जमिनीवरच्या चाचणीत पूर्ण वेगावर दोनच मिनिटे नीट चालले आणि मग अडखळू लागले. गाळणी उघडली, तर जाळीवर साबणाच्या वडीवरून निघावेत तसे पांढुरके पापुद्रे चिकटलेले होते. गळती थांबवण्यासाठी टाकीत ओतून फिरवलेला लेप सुटू लागला होता. चाके जमिनीवर असताना हे घडले, म्हणून वैमानिक सुखरूप राहिला.

टाकीच्या तोंडाशी भरड जाळी, नंतर सर्वांत खालच्या जागी गाळ आणि पाणी साठवणारी वाटी, म्हणजे गॅस्कोलेटर, आणि तिच्यासोबत बारीक जाळी, असा जुना आणि पारखलेला क्रम आहे. यातली सर्वांत खालची जागा विमान जमिनीवर उभे असतानाची धरायची, कारण उड्डाणापूर्वी पाणी काढून पाहायचे ते तिथेच, आणि शेपटीखाली चाक असलेल्या विमानात ही जागा उड्डाणातल्या जागेपेक्षा वेगळी असू शकते.

गाळणी जितकी बारीक तितकी चांगली, ही समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते. अनेक हलक्या विमानांत वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स 912 या कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी सुमारे 0.1 मिलिमीटरची जाळी पुरते. त्याऐवजी पंपाच्या अलीकडे मोटारीची कागदी गाळणी बसवली, तर कागद पाण्याने फुगतो, पंपाला इंधन जोर लावून ओढावे लागते, नळीतला दाब उतरतो आणि वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पेट्रोलची तिथेच वाफ होते. मग टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते.

म्हणून गाळणी बसवल्यावर प्रवाह मोजलाच पाहिजे. पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या, टाकी उंचावर असून इंधन आपोआप उतरत असेल तर 150 टक्के आणि पंप असेल तर 125 टक्के प्रवाह मिळावा, हा प्रमाणित छोट्या विमानांसाठीचा 2017 पर्यंतचा अमेरिकी नियम घरी बांधणाऱ्यांनीही पाळण्याजोगा आहे. शंभर अश्वशक्तीचे 912 उड्डाण घेताना ताशी सुमारे 27 लिटर पेट्रोल घेते, म्हणजे पंपाच्या मांडणीत मिनिटाला साधारण 560 मिलिलिटर यायला हवे. टाकीत थोडेच पेट्रोल ठेवून, विमानाचे नाक चढाईइतके वर उचलून, सगळ्या गाळण्या जागेवर असताना कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मापाचे भांडे धरावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ते टाळणाऱ्याने विमान उडवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतरही पहिल्या उड्डाणांपैकी प्रत्येक उड्डाणानंतर जाळी उघडून पाहावी आणि तिच्यावर काय सापडले ते तारखेसह लिहून ठेवावे.

आता आपल्याकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि 912 मालिकेला उत्पादकाने घालून दिलेली मर्यादा 10 टक्क्यांची आहे. इथेनॉल काही फायबरच्या टाक्यांची राळ आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते, आणि तो चिकटा जाळीवर येऊन बसतो. शिवाय ते पाणी स्वतःत विरघळवून घेते, त्यामुळे वाटीत पाणी दिसत नाही. पाणी सामावण्याची मर्यादा ओलांडली किंवा इंधन थंड झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून एकदम तळाशी उतरतात. असे पाणी कोणतीही जाळी अडवत नाही. उसाच्या शेतकऱ्याला इथेनॉलचा आधार आहे हे मी जाणतो आणि त्याला माझा विरोध नाही, पण विमानाची गरज वेगळी आहे.

इंडियन ऑइलने 2022 साली विमानांसाठीचे 100 एलएल, म्हणजे कमी शिशाचे, पेट्रोल देशात बनवून बाजारात आणले आहे. शिशामुळे त्यावर चालणाऱ्या 912 चे तेल लवकर बदलावे लागते, पण त्यात इथेनॉल नसते. छोट्या धावपट्ट्यांवर हौशी बांधणाऱ्यालाही ते पाच-पन्नास लिटर विकत मिळावे, आणि तोवर अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळेत इंधनातले इथेनॉल तपासून द्यावे, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे संबंधितांना करतो. मापाच्या नळीत पाणी आणि पेट्रोल हलवून पाण्याची रेषा वर चढते का ते पाहणे, एवढ्यानेही इथेनॉल आहे की नाही ते कळते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंजिन तंत्रज्ञ, नाशिक