अण्णांच्या कॉम्प्युटरचं

मानवत,
8 फेब्रुवारी 2026

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "झालं का रे नीट?" आणि मी नुसतं "झालं" म्हणून ठेवून दिला. राग मानू नको. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती आणि तुझे अण्णा माझ्या शेजारीच खुर्चीवर बसलेले. त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. आज रविवार, दुपारपासून लाइट नाही, म्हणून वही काढली.

पहिलं म्हणजे मदरबोर्ड, मशीनच्या आतली मुख्य पाटी, गेलेला नाही. तू पुण्यात बसून फोनवर निदान केलंस, नव्याला चाळीस हजार पाठवतो म्हणालास. अण्णांनी ते काकूंना सांगितलं आणि काकूंनी मला फोन लावला, "बाबा, तू एकदा येऊन बघ, मग ह्यांचे पैसे कुठं जायचे तिथं जाऊ दे."

गेलो. तुमची मधली खोली आठवते ना, आपण दहावीचा अभ्यास करायचो ती? तिथं आता आढ्यापर्यंत कापूस आहे. भाव वाढंल म्हणून अण्णांनी यंदाही ठेवून दिलाय. त्या ढिगाला टेकून टेबल आणि टेबलाखाली तुझा जुना कॅबिनेट. झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची गादी बसलेली, नखानं सोलून काढावी लागली. पंखा फिरायचा, पण वारा काही आत जायचा नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद व्हायची. वीस मिनिटं चालायची आणि गप. अण्णा तुला सांगायचे "लाइट गेली", तू म्हणायचास "यूपीएस बदला", आणि यूपीएस बिचारा चांगला ठणठणीत. ब्लोअर मारला, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, वाळून चुना झालेली पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावली. मग चालू केली तर स्क्रीन काळी आणि नुसतं पीं पीं. ते आपलं नेहमीचंच, रॅम. वायर काढून रॅम उपसली, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, परत दाबून बसवली. तेवढ्यात काकूंचा चहा झाला.

खरी गंमत त्याच्यापुढं आहे. अण्णा म्हणाले, "इंटरनेट बी येईना गेलंय, महिना झाला. सातबारा निघंना." आता त्याच वायफायवर काकूंच्या मोबाईलवर कीर्तन चालू होतं! मी म्हणलं, "अण्णा, स्क्रीनवर काय दिसायलंय, तेवढं वाचा बरं मला. जसंच्या तसं." त्यांनी चष्मा लावला, वर्गात धडा वाचावा तसं सगळं वाचलं, आणि शेवटी, "तुमचे घड्याळ मागे आहे." खाली कोपऱ्यात तारीख बघितली, 1 जानेवारी 2015.

तुला सांगायला नको, पण अण्णांना सांगितलं तसंच लिहितो, कारण ते त्यांना लगेच पटलं. सुरक्षित साइट आपल्याला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. आपली मशीन 2015 सालात बसलेली, म्हणजे तिच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही. ती म्हणते, हा माणूस खोटा, दार उघडू नका. अण्णा म्हणाले, "म्हणजे जन्माच्या आधीचा दाखला." बरोब्बर!

मदरबोर्डावरचा सेल संपला होता. सीआर 2032, तीन व्होल्टचा, नाण्यासारखा, 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 जाड म्हणून त्याला 2032. भिंतीतून वीज येत असेल तर त्या सेलला काम नसतं, मशीनला वीज मिळायची थांबली की घड्याळ त्याच्यावर चालतं. अण्णा रोज रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद करून वर पिनही काढून ठेवतात, दिवसाचं लोडशेडिंग वेगळंच. सेल टिकंल किती? गावातल्या घड्याळवाल्याकडं चाळीस रुपयांना मिळाला. तारीख लावली, सातबारा उघडला. ह्याच्यासाठी तू त्यांना राऊटर किती वेळा बंद-चालू करायला लावलास माहिताय? सात. त्यांनी मोजलेत.

तुला बोलतोय म्हणून मी फार शहाणा असं नाही. मागच्या उन्हाळ्यात माझाच प्रिंटर अडला तर मी परभणीच्या मित्राला "ड्रायव्हर उडालाय" म्हणून सांगितलं, तो तासभर ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, टाकत बसला, आणि केबल मागून अर्धी निघालेली. आपण असंच करतो. जे दिसतंय ते सांगायचं सोडून आपण लावलेला अर्थ सांगतो. दुकानात दिवसाला दहा जण येतात, "व्हायरस आलाय" म्हणत. व्हायरस कुणी बघितलेला असतो? पण तू ह्या धंद्यात आहेस, तू तरी विचारायचं. तू दर फोनला विचारतोस, "काय केलं तुम्ही?" एकदा त्यांच्या जागी बसून ऐक. तीस वर्षं शाळेत हाच प्रश्न त्यांनी छडी हातात घेऊन पोरांना विचारलाय. त्यांना उत्तर एकच येतं, "काही नाही केलं."

आता जे फोनवर बोलता येत नव्हतं ते. अण्णा तुला सांगू नको म्हणाले होते. मी सांगतोय, मला माफ करतील.

दिवाळीच्या आधी प्रिंटर छापेना. तुझी मीटिंग चालू होती. अण्णांनी प्रिंटरच्या कंपनीचं नाव टाकून मदतीचा नंबर शोधला, वर जो पहिला दिसला तो लावला. पलीकडचा माणूस हिंदीतून इतका अदबीनं बोलला म्हणतात, दर वाक्याला "सर". त्यानं एक ॲप टाकायला लावलं, त्यातला नंबर विचारून घेतला, आणि मग माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. अण्णांना वाटलं, काय सोय आहे! मग म्हणाला, नोंदणीचे दहा रुपये भरा, कार्डाचा नंबर टाका. टाकला. ओटीपी आला. तिथं मात्र हेडमास्तर जागा झाला, "दहा रुपड्याला एवढी चौकशी?" आणि त्यांनी काही न बोलता भिंतीतली पिन उपसली. पैसे गेले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, काकूंनाही नाही. चार महिने ते ॲप तसंच मशीनमध्ये, कार्डही तेच.

मी ॲप काढलं, ॲपला जोडलेलं काही मागं राहिलंय का ते तपासलं, मेलचा पासवर्ड माझ्या मोबाईलवरून बदलला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन बँकेत जाऊन कार्ड बंद करून नवं मागवलं. पैसे गेलेच तर लगेच लावायचा 1930 हा नंबर कॅलेंडरच्या शेजारी खडूनं मोठा लिहिलाय. आणि ज्याच्यापायी हे सगळं झालं त्या प्रिंटरचं म्हणशील, तर छापायच्या रांगेत एक पान अडकलेलं होतं. प्रिंट स्पूलर, म्हणजे ती रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, बंद करून चालू केला, दोन मिनिटं.

हा विषय तू त्यांच्याकडं काढू नको. त्यांना वाटंल तेव्हा ते सांगतील. मला एवढंच वाटतं की तो लबाड त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोलला, आणि एकदाही आवाज चढवला नाही.

अजून एक. "फॉरमॅट मारा" हे तू तीनदा म्हणालास, बरं झालं अण्णांना मारता येत नाही. डेस्कटॉपवर एक फोल्डर आहे, गावच्या भजनी मंडळाच्या वह्यांमधले अभंग, गवळणी, भारूडं, तीनशेच्या वर पानं त्यांनी एकट्यानं टाइप केलीत. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, आणि फॉरमॅट म्हणजे तोच पुसायचा. सगळं गेलं असतं. मी पेनड्राइव्हवर दोन प्रती काढल्यात, एक माझ्या कपाटात. सगळं कृतिदेवमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चिकटवलेली. "मराठी" लिहिलं तर आत ई, जे, के, मोठा बी, एच असं साठतं, म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर नुसता कचरा दिसतो. मी ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसंल अशा अक्षरांत, बदलतोय. जोडाक्षरं आणि रफार थोडे विस्कटतात, ते अण्णा तांबड्या पेननं दुरुस्त करून देतात. काल माझ्या प्रिंटआउटवर दहापैकी सहा गुण दिलेत!

विंडोज 10 चा मात्र विचार करावा लागंल. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, तुझ्या जुन्या मशीनमध्ये ती नाही. आडवाटेनं टाकतात लोक, मी अण्णांच्या मशीनवर तसलं करणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावं म्हणतो. हसू नको. त्यांना सातबारा, कीर्तन आणि टायपिंग, एवढंच लागतं. बोटं रेमिंग्टनला, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांना, बसलेली आहेत, तो कीबोर्ड तिथं नीट चालतो का हे आधी माझ्या मशीनवर बघतोय.

पाडव्याला येशील तेव्हा ते चाळीस हजार आणू नको. अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसवायची वेगवान डिस्क, आण, 256 जीबीची पुरे. टेबल मी कापसापासून ओसरीच्या भिंतीकडं सरकवलंय, काकू कुरकुरतात, पण राहू दे. आणि फोन करायचा तर रात्री नऊनंतर कर, आठला ते भजनाला जातात.

मजुरी घेत नव्हतो तर अण्णांनी गाडीला हुरड्याची पिशवी अडकवली. शेवटचाच आहे आता, ज्वारी निबर व्हायलीय. तुझ्या वाटचा मीच खाल्ला.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाल्या