छोट्या कार्यालयाला काचेची भिंत कशाला?

महोदय,

३१ वर्षे मी आरेखक म्हणून इमारतींचे नकाशे काढले. परवा दाखल्यासाठी आमच्या भागातल्या एका नव्या दुमजली कार्यालयात गेलो. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची! दुपारी तीनला टेबलावरच्या बाईंनी काचेला आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली, वर भरदिवसा ट्यूबलाइट आणि दोन एसी चालू. जीव तुटला.

एवढ्याशा इमारतीला तंत्रज्ञान नको, दिशा हव्यात. लांब बाजूंची तोंडे उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. जिना, स्वच्छतागृह आणि दप्तरांची खोली पश्चिमेला टाका, म्हणजे ऊन माणसांऐवजी त्या भिंती झेलतील. दक्षिणेच्या खिडक्यांवर रुंद छज्जा.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये विटांच्या जाळ्यांतून वारा-उजेड खेळवला. आपल्या जळगावच्या मे महिन्यात जाळीतून झळाच येतील, म्हणून ती जशीच्या तशी उचलू नये. पण त्यांनी भारतात रुजवलेली ‘रॅट ट्रॅप बाँड’ भिंत जरूर घ्यावी. यात वीट कडेवर उभी लावतात, मध्ये पोकळी राहते. ९ इंची भिंतीला विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. गवंड्याला दोन दिवस हाताशी धरून शिकवले की जमते. मी स्वतःच्या घरी करून घेतले आहे.

पुढच्या इमारतीचा नकाशा मंजूर करण्याआधी संबंधितांनी एकदा तरी त्या जागेवर मे महिन्यात दुपारी तीन वाजता उभे राहावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त आरेखक, जळगाव