रखडलेले फुटबॉल स्टेडियम पुरे करायचे तर आधी गवत लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षानुवर्षे रखडलेले फुटबॉलचे स्टेडियम पुरे करण्यासाठी एका नगरपालिकेने पुन्हा हालचाल सुरू केल्याची बातमी वाचली. गाव दुसरे असले तरी विषय सोलापूरकरांनी मनावर घ्यावा असा आहे. उजनी धरणातून पाणी आणणारी समांतर जलवाहिनी आणि शहरातले उड्डाणपूल यांमुळे रखडलेले काम म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मी या शहरात शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून एवढेच सांगायचे आहे की, अर्धवट स्टेडियम कोणतीही पालिका पुन्हा हाती घेईल तेव्हा तिने कामाचा क्रम उलटा करावा. आधी मैदान खेळण्याजोगे करावे, गॅलरीचे नंतर बघावे.

आपल्याकडे स्टेडियम म्हटले की सुरुवात कुंपणाच्या भिंतीपासून होते. मग गॅलरीचे खांब उभे राहतात, गॅलरीखाली दुकानगाळे निघतात आणि पैसा तिथेच संपतो. मधल्या जागेत मुरमाचे ढीग, सळयांचे तुकडे आणि बाभळी. असे होण्याला कारण आहे. काँक्रीट मोजता येते, मोजमाप पुस्तिकेत चढते, त्याचे रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरते बिल, टप्प्याटप्प्याने निघते. गवताला एक अख्खा हंगाम द्यावा लागतो आणि तोवर दाखवायला काही नसते. काम थांबले की सरकारी दरांची सूची बदलते, अंदाजपत्रक फुगते, सुधारित प्रशासकीय मान्यतेची फाइल फिरू लागते, ठेकेदार निघून गेला तर उरलेल्या कामाची मोजणी करून फेरनिविदा काढावी लागते. तोपर्यंत उघड्या सळया पावसात गंजतात. अशा सांगाड्यावर पुढचे मजले चढवण्याआधी त्याची संरचनात्मक तपासणी झालीच पाहिजे, त्यात घाई करू नये. पण ती तपासणी चालू असताना मैदानाचे काम अडायचे कारण नाही.

मैदानाचे काम सोपे आहे असे मात्र कुणी समजू नये. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद मैदान लागते, म्हणजे 7,140 चौरस मीटर. आपल्या भागातली काळी माती पावसात बुटाला ढेकळासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्या भेगांत पाय मुरगळलेली मुले मी पाहिली आहेत. शालेय स्पर्धा तर पावसाळ्यातच सुरू होतात, सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हास्तरीय फेऱ्यांच्या सुमारास. म्हणून वरची काळी माती काढून मुरूम, खडी आणि पाणी वाहून नेणारे सच्छिद्र पाइप टाकावे लागतात. वर वाळूमिश्रित माती आणि मैदानाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना हलका उतार हवा. हे गॅलरीतून कुणाला दिसत नाही, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, पण मैदान टिकते ते याच्यावर.

गवत आपले हरळीच. शेतकरी जिला उपटून उपटून दमतो, तिच्याच जातीवर जगभरातल्या उष्ण प्रदेशांतली मैदाने उभी आहेत. जून-जुलैमध्ये काड्या लावल्या तर पावसाच्या मदतीने दिवाळीच्या आसपास मैदान खेळायला मिळू शकते. कृत्रिम टर्फ टाकून मोकळे व्हावे, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी त्या टर्फवर उघडा हात ठेवून पाहावा. हवेचा पारा 43-44 अंशांवर असतो तेव्हा टर्फ त्याहून कितीतरी अधिक तापते. शिवाय 8 ते 10 वर्षांत ते बदलावे लागते आणि तेवढी रक्कम पुन्हा उभी करायची तयारी आधीच लागते. मुंबईत कूपरेजला किंवा एखाद्या खासगी छोट्या टर्फला ते परवडत असेल. आपल्या उन्हात मुलांसाठी मला ते योग्य वाटत नाही.

प्रश्न पाण्याचा येतो आणि तो खरा आहे. रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर एवढ्या मैदानाला सुमारे 36 हजार लिटर लागते. ज्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड घागरी भरल्या, तिथे पिण्याचे पाणी गवताला घाला असे मी कधीच म्हणणार नाही. देगावला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. प्रक्रिया केलेले पाणी टँकरने किंवा स्वतंत्र वाहिनीने मैदानाला द्यावे आणि साठवणीची टाकी मूळ आराखड्यातच असावी. मैदान पुरे झाल्यावर टाकीसाठी जागा शोधणे म्हणजे पुन्हा खोदाई.

सोलापुरात असे काम होऊ शकत नाही, हे मला मान्य नाही. स्मार्ट सिटी योजनेतून पार्क स्टेडियमचे नूतनीकरण झाले आणि 2024 मध्ये तिथे रणजी करंडकाचे सामने झाले. हिरवेगार मैदान पाहून ऊर भरून आला, हे मोकळेपणाने सांगतो. पण ते क्रिकेटचे मैदान आहे आणि ते तसेच जपले पाहिजे. फुटबॉल खेळणारी आपली मुले पूर्व भागातली, पेठांतली, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली आहेत. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत. तासाचे भाडे भरून जुळे सोलापुरातल्या खासगी टर्फवर खेळणे त्यांच्यातल्या फार थोड्यांना जमते. तिकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियम आहे, तालमींचे संघ आहेत, लीगला गर्दी लोटते आणि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या मुलांत दम कमी नाही. त्यांना मैदान कमी पडते.

मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. चांगल्या खेळणाऱ्या मुली नववी-दहावीत खेळ सोडतात, त्याचे पालक सांगतात ते कारण अभ्यासाचे असते. पण मैदानावर कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला पाणी नाही, संध्याकाळी दिवे नाहीत, हेही कारण असतेच. गॅलरीच्या एका टप्प्याच्या खर्चात या तिन्ही गोष्टी होऊन जातील. माझ्या दृष्टीने गवतानंतरचा दुसरा क्रमांक यांचाच.

मैदान तयार झाले की सभा, प्रदर्शने, लग्ने यांचे अर्ज येतील. मांडवाचा एक खांब आणि ट्रकची एक फेरी खालचे पाइप दाबून टाकायला पुरेशी असते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदान आहे, तिची जागा आणि परंपरा ठरलेली आहे. फुटबॉलचे मैदान खेळाशिवाय कशालाही भाड्याने देणार नाही, असा ठराव बांधकामाच्या मंजुरीबरोबरच व्हावा. नंतर तो करणे कुणालाच जमत नाही.

क्रीडांगणे पुरवणे हा विषय 74 व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांमध्ये नोंदलेला आहे. त्यामुळे पालिका हे काम करते तेव्हा ती खेळाडूंवर मेहेरबानी करत नाही. कामाची रक्कम, ठेकेदाराचे नाव, कार्यादेशाची तारीख आणि मुदत फाटकावर फलकाने लावावी. माहिती अधिकारात अर्ज करून ती मिळवण्याची वेळ नागरिकांवर येऊ नये.

शेवटची मागणी पैशाची. बांधकामाला निधी राज्याकडून, जिल्हा नियोजन समितीकडून किंवा खासदार-आमदारांकडून मिळतो. माळी, गवत कापायचे यंत्र, पंपाची वीज, खत यांना मात्र कुणी देत नाही. म्हणून पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात मैदानाच्या देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष पहिल्याच वर्षापासून असावे आणि दोन कायम माळी नेमल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम बिल देऊ नये.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर