आई, लेन्सचा ॲडव्हान्स भरलाय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आईनं "कशाला गं एवढे पैसे" म्हणून विषयच बदलला असता, म्हणून लिहितेय. आईच्या स्क्लेरल लेन्सचा ॲडव्हान्स मी काल भरला. मापं देऊन बनवायच्या असतात, त्यामुळे आता नाही म्हणू नका. दिवाळीच्या बोनसमधलेच आहेत, घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही.

आई, तुझे डोळे सारखे वाहायचे आणि मी म्हणायचे पाणी येतंय म्हणजे कोरडे कसे, मोबाईल कमी बघ. ते पाणी डोळा चुरचुरतो म्हणून येत होतं गं. पापणीत कागदाची पट्टी लावून ५ मिनिटं बसवलं तेव्हा जेमतेम ३ मिलिमीटर ओली झाली, ते बघून मला तिथेच रडू आलं. भाकरीच्या घासाघासाला तुला पाणी लागतं म्हणून आपण सगळे चिडवायचो ना, तेही ह्या शोग्रेनच्या आजारामुळेच. आपलंच शरीर आपल्या अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठतं.

ह्या लेन्स मी कॉलेजात लावायचे तशा नाहीत. कडक आणि मोठ्या, १६ मिलिमीटरच्या आसपास, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकतात, बुबुळाला लागत नाहीत आणि मधल्या जागेत सलाइन असतं, म्हणजे बुबुळ दिवसभर ओलं. आजार जाणार नाही, ड्रॉप्सही पूर्ण सुटणार नाहीत, पण शब्दकोडं अर्धवट टाकून डोळे मिटून बसावं लागणार नाही एवढी मला आशा आहे.

फिटिंगला चार चकरा तरी होतील म्हणून महिनाभर नेरूळलाच या. घोडबंदरच्या धुळीतून तेवढीच सुटका. तुमच्या खोलीत एसी लावणार नाही, पंखा एकवर, आईची उशी आणि बाबांचा स्टीलचा पेला घेऊनच यायचं. तुळशीला शेजारच्या काकू पाणी घालतील, मी बोललेय. बाबा, इथे ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठी चालायला छान आहे, तुमच्या तलावपाळीसारखंच.

बाबा, रागावू नका, लेन्स आई स्वतः लावायला शिकेल. ती सलाइनने काठोकाठ भरून, मान खाली घालून, आत एक बुडबुडा न राहू देता लावायची असते, आणि सकाळी तुमचा हात थोडा... तुम्ही समोर आरसा धरून बसा, तुम्ही जवळ असलात की ती घाबरत नाही.

आणि नीट ऐका. नळाचं पाणी लेन्सला लागता कामा नये, उकळलेलंही नाही, फिल्टरचंही नाही. गुलाबपाणी बंद. रात्री लेन्स काढूनच झोपायचं. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं तर लगेच काढायची आणि मला फोन, मग रात्रीचे दोन का वाजेनात.

माझ्या डोळ्यात कचरा गेला की तू पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारून ऊब द्यायचीस. परवा तुला शेक देताना तेच आठवत होतं.

शनिवारी अकराला न्यायला येते. फाईल पिशवीत ठेवा. आई, गॅससमोर उभी राहून काही करत बसू नकोस, आल्यावर मी करीन.

तुमची
मनू