श्रुतीची दहावी आणि प्रसादचं आयटीआय

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. श्रुतीला सायन्सला घालावं की कॉमर्सला, आणि प्रसादने आयटीआय झाल्यावर लगेच कामाला लागावं की डिप्लोमा करावा, हे तू विचारलंस. दोन्हींचं उत्तर देतो, पण आधी एक गोष्ट. आपल्याकडे शाखा आधी ठरते आणि नोकरीची जाहिरात पाच-सात वर्षांनी वाचली जाते. क्रम उलटा पाहिजे. जाहिरातीत 'पात्रता' या शब्दाखाली ज्या तीन-चार ओळी असतात त्या आजच वाचायच्या, आणि मुलांच्या हातात पडणारा प्रत्येक कागद त्या ओळींशी ताडून बघायचा. दुसरीकडे हे चुकलं तर एखादी संधी जाते. आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी पट्ट्यात, चुकलं तर एक अख्खं राज्य हातचं जातं. पण नीट साधलं तर आपल्या पोरांना दोन्ही राज्यांत अर्ज करता येतो, आणि हे भाग्य पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या मुलाला नाही.

म्हणून सुरुवात एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डापासून. टक्के सगळेच बघतात, त्यावर भाषा कोणत्या छापल्यात हे कुणी बघत नाही. पोस्टाच्या ग्रामीण डाक सेवक भरतीचं उदाहरण घे. तिथे लेखी परीक्षाच नाही. दहावीच्या टक्क्यांवर, चार दशांश स्थळांपर्यंत हिशोब करून मेरिट लागतं. अटी दोन: दहावीला गणित आणि इंग्रजी पास हवं, आणि त्या सर्कलची (म्हणजे टपाल खात्याच्या हिशोबातल्या त्या राज्याची) स्थानिक भाषा निदान दहावीपर्यंत शिकलेली हवी. कर्नाटक सर्कलला कन्नड, महाराष्ट्र सर्कलला मराठी. श्रुतीच्या कार्डावर पहिली भाषा मराठी असणार आणि सोबत कन्नड, म्हणजे ती खानापूरकडची जागाही मागू शकते आणि चंदगड-गडहिंग्लजकडचीही. एका भरतीत अर्ज मात्र एकाच विभागात करता येतो, तेव्हा कुठे जागा जास्त आहेत ते बघून ठरवायचं. शाखा पोस्टमास्तरचा मूळ पगार १२,००० रुपयांपासून, सहायकाचा १०,००० पासून, वर महागाई भत्ता. काम दिवसाचे चार-पाच तास, त्यामुळे बाहेरून पदवी करत करतही जमतं.

स्टेट बँकेच्या क्लार्कचंही असंच. अर्ज एकाच राज्यासाठी करायचा आणि त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता आली पाहिजे. दहावी किंवा बारावीच्या कार्डावर ती भाषा शिकल्याची नोंद असेल तर वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. आता बघ, गावातली मराठी शाळा सोडून जी पोरं तालुक्याला इंग्रजी शाळेत घातली जातात, त्यांतल्या कित्येकांच्या कार्डावर इंग्रजी, कन्नड, हिंदी असतं आणि मराठी नसतं. घरी दिवसभर मराठी बोलणारं पोर कागदोपत्री मराठी न शिकलेलं ठरतं. धाकट्याला शाळा बदलायचा विचार असेल तर आधी मुख्याध्यापकांना हेच विचार: दहावीला मराठी घेता येते का?

मार्कांचंही बोलतो. एसएसएलसीला पहिल्या भाषेचा पेपर १२५ गुणांचा असतो, बाकीचे १०० चे. म्हणजे श्रुतीचा सगळ्यात जड विषय मराठी, आणि 'आपलीच भाषा' म्हणून सगळ्यात कमी अभ्यास त्याचाच होतो. गणितात पाच मार्क वाढवायला जीव काढावा लागतो. मराठीत व्याकरण आणि पत्र-निबंधाचा नेमून सराव केला तर तेवढे पाच महिन्याभरात वाढतात. हे दहावीचे मार्क पुढे जन्मभर मोजले जातात. सैन्याचंच बघ. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, पोरं पहाटे चारला उठून पळतात, पण अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात हे अर्ज भरायच्या दिवशी कळतं.

कन्नडबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. आपली पोरं बसस्टँडवर, बाजारात कन्नड झकास बोलतात, पण लिहिता येत नाही. आणि कर्नाटक सरकारच्या बहुतेक पदांना, ग्राम आडळिताधिकारी (आपल्या भाषेत तलाठी) असो की पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), कन्नडचा सक्तीचा पेपर असतो: १५० गुणांचा, पास व्हायला ५० लागतात. ते गुण मेरिटमध्ये धरत नाहीत, पण ४९ पडले तर बाकीचे पेपर कितीही चांगले गेलेले असोत, नाव यादीत येत नाही. पातळी दहावीचीच आहे. आठवड्याला एक अर्ज कन्नडात लिहायचा (तहसीलदारांना पाण्याबद्दल, बँकेला पासबुकाबद्दल) आणि शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून लाल शाईनं तपासून घ्यायचा. दोन वर्षं हे केलं तर क्लास लावायची गरज नाही. मराठी टिकवणं आणि कन्नड लिहायला शिकणं यांत भांडण नाही. आपल्या मुलांच्या भाकरीला दोन्ही लागतात.

आता नावाचं. मार्क्स कार्ड, आधार आणि जात-उत्पन्नाचा दाखला या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे. आपल्याकडे नाव मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जातं, आणि वाटेत बिघडतं. चौगुलेमधल्या 'चौ'ला एका कागदावर इंग्रजीत 'ए-यू' असतं, दुसऱ्यावर 'ओ-यू'. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर शेवटी. केसीईटीच्या (कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेशपरीक्षेच्या) अर्जात दाखल्याचा आरडी नंबर टाकला की नाव ऑनलाइन ताडलं जातं. जुळलं नाही तर कोटा गेला आणि पोर सरळ जनरलमध्ये. दहावीच्या परीक्षेची नोंदणी होताना शाळेकडे नावांची यादी असते. ती सही करण्याआधी आधार हातात धरून वाचायची. तिथे दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. कार्ड छापून आल्यावर तीच दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते आणि महिने खाते.

जातीच्या दाखल्यात आणखी एक गफलत नेहमी होते. मराठा समाज कर्नाटकात ३-बी या मागास प्रवर्गात आहे, पण ही राज्याची कॅटेगरी रेल्वे-बँकेत चालत नाही. तिथे केंद्राची ओबीसी यादी आणि केंद्राचाच नमुना लागतो. जात केंद्राच्या यादीत नसेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) बघायचं: घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांच्या आत. तो दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून गेल्या वर्षीचा जोडू नये.

श्रुतीला गणित आवडतं आणि शिक्षिका व्हायचंय असं तू लिहिलंस. मग माझं मत सायन्स, पण एका अटीवर. मराठी माध्यमातली हुशार मुलं पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षी का घसरतात? त्यांना विषय समजत नाही असं नाही. गणितं ती सोडवतात. 'व्याख्या लिहा', 'कारण द्या' आलं की इंग्रजीत वाक्य उभं राहत नाही आणि तिथेच मार्क जातात. पहिल्या चाचणीत दणका बसला की ट्यूशन लावतात, ती पण इंग्रजीतच, आणि डिसेंबरपर्यंत पोर आर्ट्सला बदली मागतं. यावर उपाय परीक्षा संपल्यापासून पीयू सुरू होईपर्यंतच्या सुट्टीतच करायचा. एनसीईआरटीचं अकरावीचं इंग्रजी फिजिक्स घ्यायचं, मोजमाप आणि सरळ रेषेतली गती ही पहिली दोन प्रकरणं पुरेत. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, तोच इंग्रजीत आपल्या शब्दांत लिहायचा, मग उघडून ताडायचा. रोज एक पान. सुट्टी संपायच्या आत तिला हे झेपेना असं दिसलं तर बिनदिक्कत कॉमर्सला घाल. त्यात कमीपणा काही नाही, आणि कुठल्याही शाखेच्या पदवीवर बँक आणि स्टाफ सिलेक्शनचे मार्ग मोकळेच असतात.

पुढे इंजिनिअरिंगचा विचार आलाच तर केसीईटीत रँक काढताना निम्मं वजन पीयूच्या फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताला आणि निम्मं सीईटीला. नुसत्या सीईटीच्या क्लासवर पैसे घालून बोर्डाकडे दुर्लक्ष करणारे इथेच फसतात. पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण शाळेत काढली असतील तर १५ टक्के ग्रामीण कोटा मिळतो, माध्यम मराठी असलं तरी. आठवीला शहरात गेलेलं पोर हा कोटा गमावतं. पीयूला शहरात गेलं तर चालतं. धाकट्याच्या शाळेचा निर्णय घेताना हेही धर.

महाराष्ट्राकडच्या प्रवेशाला एमएचटी-सीईटी वेगळी द्यावी लागते. तुझं गाव महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असल्यामुळे सीमाभागातल्या उमेदवाराचा वेगळा प्रकार तिला लागू होतो. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या शाळेतून, राहणं सीमाभागात आणि मातृभाषा मराठी, अशा अटी आहेत. रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतात. प्रवेशफेरी सुरू झाल्यावर त्यांच्यामागे धावणारे हमखास उशिरा पोचतात. बारावीच्या दिवाळीतच काढून ठेव.

शिक्षिकेच्या वाटेत सगळ्यात महाग चूक बीएडची होते. पहिली ते पाचवीला शिकवायला डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) लागतं. बीएडवर ते वर्ग मिळत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पीयूनंतर डीएलएड दोन वर्षांचं, म्हणजे दहावीनंतर चार वर्षांत ती प्राथमिकला पात्र. हायस्कूलसाठी पीयू, पदवी आणि बीएड मिळून सात वर्षं. श्रुतीचं गणित बघता मी सात वर्षांची वाट धरीन: बीएस्सी गणित, मग बीएड. मराठी शाळांचा पट घटतोय, भाषेच्या शिक्षकाच्या जागा त्याबरोबर घटतात. गणिताचा शिक्षक मात्र मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही माध्यमांच्या शाळांना हवा असतो. म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत बारावीनंतर चार वर्षांत पदवी आणि बीएड एकत्र होतं, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. ती जरूर देऊ दे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) १५० गुणांची, जनरलला ९० लागतात, कर्नाटकच्या टीईटीत पहिली भाषा मराठी घेता येते आणि प्रमाणपत्र आता कायमचं चालतं. महाराष्ट्राची टीईटी निराळी, तिच्यावर पुन्हा टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) द्यावी लागते.

आता प्रसाद. आधी त्याच्या फिटरच्या आयटीआयचं प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय परिषदेचं) मिळणार की एससीव्हीटीचं (राज्य परिषदेचं) ते विचारून घे. पहिलं देशभर चालतं, दुसऱ्याला राज्याबाहेर शंका काढतात.

तो सरळ बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला कारखान्यात लागला तर काम मिळेल, त्यात शंका नाही. पण तिथे चढायच्या पायऱ्या बघ: हेल्पर, ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर, क्वालिटी. ऑपरेटरपर्यंत हाताच्या सवयीवर जाता येतं. पुढे ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, आणि शाळेचा उपयोग खरा तिथे होतो. ड्रॉइंगवर भोकाचं माप २५ एच७ असं असेल तर भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मधे बसलं पाहिजे. ०.०२ चा व्हर्निअर लावून ते पास करणारा पोरगा माल परत यायची सोय करतो, कारण अख्खी सूट (टॉलरन्स) जवळजवळ त्या व्हर्निअरच्या एका भागाएवढीच आहे. तिथे प्लग गेज किंवा बोअर गेज लागतो. हे ज्याला सांगता येतं त्याला फोरमन मशिनवरून उचलून तपासणीला घेतो. प्रसादला विचार, त्याला हे येतं का. येत नसेल तर उरलेल्या महिन्यांत वर्कशॉपच्या सरांच्या मागे लागून मायक्रोमीटर, ड्रॉइंग आणि टॉलरन्सचा तक्ता पक्का करू दे. मुलं दोन वर्षं फाइल घासतात आणि हा भाग गाइडमधून पाठ करतात.

माझा सल्ला असा: आधी एक वर्ष अप्रेंटिस, मग डिप्लोमा. हुबळीच्या रेल्वे कार्यशाळेत अप्रेंटिसची निवड दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांच्या सरासरीवर होते, लेखी नाही. रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांना लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. सहायक लोको पायलटलाही फिटर चालतो आणि प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते, पण तिथे डोळे चष्म्याशिवाय ६/६ लागतात आणि रंगांधळेपणा चालत नाही. फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घे. परीक्षा पास होऊन वैद्यकीयला बाद होणं फार वाईट. दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमा झाला की ज्युनिअर इंजिनिअरच्या जाहिराती वाचायला लागायचं. नंतर हौस राहिलीच तर डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेशपरीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला जाता येतं. निपाणीकडची पोरं कागलच्या एमआयडीसीत जातात तसं त्यानंही गेलं तर हरकत नाही, पण अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र हातात घेऊन जाऊ दे.

श्रुतीच्या शाळेत नावांची यादी लागली की तिचा आणि आधारचा फोटो मला पाठव, मी ताडून बघतो. प्रसादला टॉलरन्सचं गणित घालून त्याचं उत्तरही कळव. काकूंना नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझा,
अनिल